सापाच्या शीमध्ये किडे दिसले म्हणून लगेच जंताची गोळी देऊ नकोस

पत्र:

"ताई, मी पुण्यात राहतो, बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे दीड वर्षाची बॉल पायथन आहे, जिलेबी नाव. गेल्या महिन्याभरात तिने दोनदा उंदीर उलटून टाकला. शी पातळ होतेय, वास खूप घाण येतो आणि बारीक पण झाल्यासारखी वाटते. आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो, काल येऊन बघतो तर तिच्या शीमध्ये पांढरे बारीक किडे वळवळत होते. एक मित्र म्हणाला कुत्र्याची जंताची गोळी पाव तुकडा दे, दुसरा म्हणतो आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मार, काम होऊन जाईल. साप बघणारे डॉक्टर मिळाले पण फी बरीच आहे आणि ते कागद मागतील अशी पण भीती वाटते. घरात बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा असतो त्यामुळे आईला अजून काही सांगितलं नाहीये, ती म्हणेल आधी साप घराबाहेर काढ. बाजूच्या टाकीत कासव पण आहे. नाव छापू नका. काय करू?"

उत्तर:

सगळ्यात आधी ती गोळी कपाटात ठेवून दे, पाव तुकडा पण नको. आणि ते इंजेक्शन तर अजिबात नको. कारण सांगते, नुसतं नको म्हटलं तर मित्र परत तेच सांगणार आणि तू रात्री अकरा वाजता घाबरून देऊन टाकशील.

कुत्र्याच्या जंताच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा दोन-तीन औषधं एकत्र असतात, आणि ती कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आणि कुत्र्याच्या पचनाच्या वेगाप्रमाणे बसवलेली असतात. सापाचं शरीर औषध फार सावकाश बाहेर टाकतं, त्यात ती थंड राहिली असेल तर अजूनच सावकाश. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध तसं सापांनाही देतात, पण ते जास्त झालं तर अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला मार बसतो, साप मेल्याच्या नोंदी आहेत. पाव तुकड्यात किती मिलिग्रॅम गेलं हे तुला माहीत नाही आणि जिलेबीचं आजचं वजन किती हेही तू लिहिलेलं नाहीस, "बारीक वाटते" एवढंच लिहिलंयस. आयव्हरमेक्टिन कासवांना चालत नाही, ते त्यांच्यासाठी जीवघेणं आहे, आणि काही सापांमध्येही त्याने मेंदूवर परिणाम होतो. तुझ्याकडे बाजूच्याच टाकीत कासव आहे, एकच बादली एकच मग आणि तेच हात दोन्हीकडे जात असणार, म्हणून त्या घरात ती बाटली उघडायचीच नाही असं मी म्हणेन.

आणि मुख्य म्हणजे तुला अजून माहीतच नाही की तिला झालंय काय. जंताची गोळी जंतांवर चालते. उंदीर उलटून टाकायला लावणारे जे सगळ्यात वाईट परजीवी आहेत त्यातले बरेचसे जंत नाहीतच, ते एकपेशीय आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या गोळीला दाद देत नाहीत.

आता ते पांढरे किडे. तू दोन दिवस घरी नव्हतास, शी त्या बॉक्समध्ये पडून होती, पुण्याची हवा, झाकणाला हवेची भोकं. माशी आत जाऊन अंडी घालते आणि उबदार हवेत एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे तुला दिसलं ते माशीच्या अळ्या असण्याची शक्यता खूप आहे. फरक ओळखता येतो. माशीच्या अळीच्या अंगावर वळ्या वळ्या असतात, एक टोक निमुळतं आणि त्या टोकाला बारीक काळा ठिपका दिसतो, ते तिच्या तोंडाचे आकडे, दुसरं टोक बोथट. गोलकृमी असेल तर अंग गुळगुळीत, वळ्या नाहीत, दोन्ही टोकं निमुळती आणि तो आपल्या शिवायच्या धाग्यासारखा दिसतो. पट्टकृमीचे तुकडे पडले तर चपटे आणि चौकोनी-लांबट असतात. अजून एक गोष्ट, तू खाली कोकोपीट टाकतोस का? कोकोपीटमध्ये आणि मातीत आपले आपण जगणारे सूक्ष्म कृमी असतात, ते शीत शिरतात आणि मग मायक्रोस्कोपखाली बघणाराही फसतो. म्हणून आजपासून कोकोपीट बंद, खाली साधा न्यूजपेपर किंवा टिश्यू पेपर, निदान हे सगळं निस्तरेपर्यंत तरी.

आणि ते खडूसारखं पांढरं-पिवळट घट्ट जे शीबरोबर पडतं ना, ते यूरेट, म्हणजे सापाची लघवीच, घट्ट स्वरूपातली. ते जंत नाहीत. बरेच जण त्याचाच फोटो पाठवतात म्हणून आधीच लिहून ठेवते.

खरे परजीवी कुठले कुठले असतात ते थोडं सांगते, तू झूलॉजीचा आहेस तर कंटाळणार नाहीस. सापांमधला हुकवर्म म्हणजे कॅलिसेफॅलस, अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंत चिकटून बसतो आणि त्याला मधला यजमान, म्हणजे वाढायला मध्ये दुसरा कुठला प्राणी, लागत नाही, शीतून अंडी, अंड्यातून अळी, अळी परत त्याच सापाच्या तोंडातून किंवा कातडीतून आत. हे नीट लक्षात घे कारण बंद बॉक्समध्ये हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरते. जंगलात साप शी करून पुढे निघून जातो, तुझ्याकडे ती तिथेच त्याच दोन-तीन फुटात बसते. म्हणून ज्या परजीवींना मधला यजमान लागतो, म्हणजे बरेचसे पट्टकृमी वगैरे, ते कैदेत हळूहळू संपत जातात, आणि ज्यांना लागत नाही ते वाढत जातात. हुकवर्म, स्ट्राँगिलॉइडिस हा बारीक गोलकृमी, आणि कॉक्सिडिया, क्रिप्टो (क्रिप्टोस्पोरिडियम), अमिबा हे एकपेशीय, हे सगळे दुसऱ्या गटातले. जंगलात जेवढे जंत घेऊन साप आरामात जगला असता त्याच्या कितीतरी पट ओझं त्याच्यावर बॉक्समध्ये चढतं, वर ताण असतोच.

मग रॅब्डियास, हा खरं तर फुप्फुसातला कृमी, पण त्याची अंडी आणि अळ्या खोकल्याबरोबर वर येतात, गिळल्या जातात आणि शीत सापडतात, आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्यांसारख्याच दिसतात, चांगल्या चांगल्यांना गोंधळात टाकतात. जिलेबी तोंड उघडं ठेवून श्वास घेते का, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज येतो का ते बघ आणि डॉक्टरांना सांग. पेंटास्टोमिड म्हणून एक विचित्र प्राणी आहे, जंतासारखा दिसतो पण खरं तर खेकडा-कोळंबीच्या नात्यातला, तोही फुप्फुसात राहतो आणि अंडी शीत. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये बर्मीज पायथनबरोबर आशियातला असाच एक, रॅलिएटिएला ओरिएंटॅलिस, तिथल्या स्थानिक सापांमध्ये घुसलाय आणि ते साप मरतायत. बॉल पायथन मूळची पश्चिम आफ्रिकेतली, घाना, टोगो, बेनिन इथून वर्षानुवर्षं एक्स्पोर्ट झालेली, त्यात जंगलातून उचललेली आणि जंगलातल्या मादीची अंडी आणून उबवलेली पण असतात. म्हणून जिलेबी कुठून आली, खरंच ब्रीडरकडे जन्मली का, हे विकणाऱ्याला विचार. नीट कैदेत जन्मलेल्या सापात पेंटास्टोमिड वगैरे क्वचितच, जंगलातून आलेल्यात काहीही निघू शकतं.

आणि आता ते दोन, ज्यांच्यामुळे मी तुला एवढं लांबलचक लिहितेय.

एक एंटअमिबा इन्व्हाडेन्स. हा कासवांच्या आतड्यात बऱ्याचदा गुपचूप राहतो, कासवाला काही होत नाही, आणि तोच सापाच्या पोटात गेला की आतडं सोलून काढतो. शीत रक्त, शेंबडासारखा चिकट पदार्थ, साप पाणी पाणी करतो, आणि मग थोड्या दिवसात जातो. तू बाजूच्या टाकीत कासव आहे हे शेवटी सहज लिहून टाकलंस पण मला त्यातलं तेच वाक्य सगळ्यात जास्त टोचलं. आजच दोन्हीचं सामान वेगळं कर, बादली, मग, चिमटा, फडकं सगळं. कासवाचं पाणी बदलून हात साबणाने धुतल्याशिवाय जिलेबीला हात लावायचा नाही, आणि शक्य असेल तर कासव दुसऱ्या खोलीत. कधी पातळ शीत लाल दिसलं किंवा जेलीसारखं काही दिसलं तर फी, परीक्षा, आईचा राग काही बघत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

दुसरा क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस. हा पोटात, म्हणजे जठरात राहतो. जठराचं अस्तर सुजून जाड होतं, साप खातो आणि काही दिवसांनी अर्धवट पचलेला उंदीर बाहेर टाकतो, परत खातो परत टाकतो, हळूहळू वाळत जातो, आणि अंगाच्या मध्यावर एक टणक फुगवटा दिसायला लागतो, जेवण झालेलं नसताना सुद्धा. तिला हातात घेऊन मधला भाग बोटांनी हलकेच चाचपून बघ, दाबू नकोस. याची उसिस्ट, म्हणजे शीतून पडणारी अंड्यासारखी कवचातली अवस्था, ४ ते ६ मायक्रॉनची, माणसाच्या तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान, म्हणून साध्या स्लाइडवर सहज निसटते, त्यासाठी ॲसिड-फास्ट स्टेन हा खास रंग किंवा पीसीआर ही डीएनएची तपासणी लागते. आणि यावर खात्रीचं औषध नाही, काही औषधांनी शीतून पडणं कमी होतं पण तो पूर्ण गेला असं म्हणता येत नाही. क्लोरीनच्या ब्लीचला पण तो जुमानत नाही, उकळतं पाणी आणि पूर्ण कोरडं वाळवणं यानेच भांडी साफ होतात, काही ठिकाणी अमोनिया वापरतात. पण अमोनिया आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो, घरात लहान मूल आहे.

घाबरवायला नाही लिहिलं हे. दोनदा उलटून टाकलं म्हणजे क्रिप्टोच असं अजिबात नाही. बॉल पायथनने उंदीर टाकायचं सगळ्यात नेहमीचं कारण थंडी हेच आहे, किंवा उंदीर फार मोठा दिला, किंवा खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी मित्रांना दाखवायला बाहेर काढली. गरम बाजू ३१ ते ३३ डिग्री आणि थंड बाजू २५ ते २७ असायला हवी, आणि ते काचेला चिकटवलेल्या गोल काट्यावर नाही, तर प्रोब असलेल्या डिजिटल थर्मामीटरवर, प्रोब ती बसते तिथे ठेवून बघायचं. हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का? लाइट जाते तेव्हा काय होतं? या महिन्यात किती वेळा गेली? हे सगळं लिहून काढ. दोनदा टाकलंय म्हणजे आता दोन आठवडे तिला काही खायला द्यायचं नाही, पाणी फक्त, पोटाचं अस्तर भरून येऊ दे, मग नेहमीच्या अर्ध्या आकाराचा उंदीर. आणि नुसतं खाणं बंद केलं असतं तर मी एवढी काळजी केलीच नसती, बॉल पायथन धडधाकट असूनही काही महिने उपाशी बसते. खाऊन टाकतेय आणि वजन उतरतंय, ते वेगळं. किचनमधला नको, एक वेगळा डिजिटल काटा घे, आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये वजन, वहीत तारीख घालून. डॉक्टरला "बारीक वाटते" यापेक्षा ते आकडे हजारपट उपयोगी.

आता सॅम्पल. हेच तुझं खरं काम आहे आणि हेच लोक नीट करत नाहीत. कालची, माशा बसलेली, अळ्या पडलेली शी फेकून दे, ती तपासून काही कळणार नाही, कारण पडून राहिलेल्या शीत हुकवर्मची अंडी फुटून अळ्या निघतात आणि मग कुठली अळी कोणाची ते सांगणं अवघड होतं. ताजी शी पाहिजे. कागद टाकलेला असला की ती सहज उचलता येते. तपकिरी भाग घे, पांढरं यूरेट कमी, चिकट किंवा लालसर काही असेल तर ते नक्की घे. स्वच्छ घट्ट झाकणाच्या डबीत, सुकू द्यायची नाही. तासा-दोन तासात डॉक्टरकडे पोचणार असशील तर फ्रिजमध्ये ठेवू नकोस कारण हलणारे एकपेशीय जीव थंडीत गारठून थांबतात आणि मग ते दिसत नाहीत, उशीर होणार असेल तर मात्र फ्रिजमध्ये, डबी दुसऱ्या डबीत घालून, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, आणि एका दिवसाच्या आत दे. फ्रीझरमध्ये कधीच नाही. बॉल पायथन शी फार दिवसांनी करते, वाट बघत बसावं लागतं, कोमट पाण्यात उथळ टबमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवली तर कधी कधी करते, तोंड पाण्याच्या वर राहील एवढंच पाणी आणि तू तिथेच बसून. नाहीच केली तर डॉक्टर बारीक नळीने सलाइन आत सोडून धुवून सॅम्पल घेऊ शकतात, ते तू घरी करायचं नाही.

कुठे द्यायचं? फीचं म्हणतोस तर एक सांगते. शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं, पुण्याहून सातारा रस्त्यावरच, मुंबईत परळला आहे, नागपूरला आहे. या कॉलेजांमध्ये परजीवीशास्त्राचा विभाग असतो. आधी फोन करून सापाचं सॅम्पल बघतात का ते विचार. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेऊ नकोस, तिथले लोक कामात हुशारच असतात पण त्यांच्या डोळ्यासमोर माणसाचे जंत असतात, सापाच्या शीतल्या अंड्याला ते माणसाच्या जंताचं नाव देऊन मोकळे होतात. आणि फी वाचवायचीच असेल तर शी तपासण्यावर वाचवू नकोस, ती एकूण खर्चात सगळ्यात स्वस्त गोष्ट असते आणि त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

तुझ्या कॉलेजात मायक्रोस्कोप असणारच. तुला स्वतःला बघायचं असेल तर सरांची परवानगी घेऊन लॅबमध्ये बघ, घरी किचनच्या ओट्यावर नाही. डॉक्टरच्या ऐवजी नाही, डॉक्टरच्या जोडीला. दोन पद्धती. पहिली साधी स्लाइड, कोमट सलाइनचा एक थेंब, त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढी ताजी शी, कालवून कव्हरस्लिप, आधी १० ची लेन्स मग ४० ची, प्रकाश थोडा कमी ठेवून. यात हलणारे एकपेशीय दिसतात, शेपटीसारखे धागे असलेले फ्लॅजेलेट थरथरत जातात, अंगभर बारीक केस असलेले सिलिएट गोल फिरत जातात. थोडे फ्लॅजेलेट दिसले म्हणून दचकू नकोस, बऱ्याच निरोगी सापांच्या आतड्यात ते असतात, प्रश्न संख्येचा आणि साप आजारी आहे का याचा.

दुसरी तरंगवण्याची. साधं मीठ कोमट पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत टाकायचं, लिटरला साधारण ३६० ग्रॅम जातं, असं पाणी जंतांच्या अंड्यांपेक्षा जड असतं म्हणून अंडी वर येतात. चमचाभर शी या पाण्यात कालव, गाळून घे (गाळणं परत चहाला नाही वापरायचं, आजच वेगळं विकत घे), छोट्या टेस्टट्यूबमध्ये काठोकाठ भर, पाणी वर थोडं फुगीर दिसलं पाहिजे, त्यावर कव्हरस्लिप ठेव, १५ मिनिटं थांब, सरळ उचलून स्लाइडवर. लगेच बघ, मिठाचे खडे धरायला लागतात आणि अंडी आकसतात. हुकवर्मचं अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचा पुंजका. गोलकृमी ओफिडॅस्कॅरिस वगैरेंचं गोलसर, जाड कवचाचं, वर खडबडीत नक्षी. स्ट्राँगिलॉइडिस किंवा रॅब्डियास असेल तर अंड्यात आधीच घडी घालून बसलेली अळी. कॅपिलारिया नावाच्या कृमीच्या अंड्याला दोन्ही टोकांना बुचं. पेंटास्टोमिडच्या अंड्यात आकड्यांचे छोटे पाय असलेलं पिल्लू. जड अंडी यात नीट तरंगत नाहीत, त्याला तळाशी बसवायची वेगळी पद्धत असते, ते डॉक्टर बघतील. हवेचे बुडबुडे, तेलाचे थेंब, परागकण, उंदराचे केस हे सगळं पहिल्यांदा अंड्यासारखंच वाटतं, बुडबुड्याला काळी जाड कड असते आणि आत काही नसतं. आयपीसला मोबाइल लावून फोटो काढ, कुठल्या लेन्सचा ते लिही आणि डॉक्टरला दाखव.

आणि इथे ती गोष्ट येते जी रिपोर्ट वाचताना निम्मे लोक विसरतात. जिलेबी उंदीर खाते. उंदराच्या आतड्यातलं जे काही असेल ते तिच्या आतड्यातून जातं आणि शीत पडतं. उंदराचे पिनवर्म, सिफॅशिया आणि ॲस्पिक्युल्युरिस, उंदरांचा पट्टकृमी हायमेनोलेपिस, उंदराच्या अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक माइटची अंडी, हे सगळं सापाच्या शीत दिसतं आणि सापाला त्याचं काहीही झालेलं नसतं. रिपोर्टवर "पिनवर्मची अंडी सापडली" असं लिहून येतं आणि साप महिनाभर नको ती औषधं खातो. क्रिप्टोचं पण तेच, उंदराचं वेगळ्या जातीचं क्रिप्टो नुसतं वाट काढून बाहेर पडतं, म्हणून तिथे पीसीआर करून जात कुठली ते बघणं महत्त्वाचं. एक काम कर जे कोणी करत नाही, तू ज्या दुकानातून उंदीर आणतोस तिथल्या पिंजऱ्यातल्या ताज्या लेंड्या एका वेगळ्या डबीत घे, डबीवर नाव घाल, आणि जिलेबीच्या सॅम्पलबरोबर तीही तपासायला दे. दोन्हीकडे सेम अंडी निघाली तर बहुतेक ती उंदराची. नुसत्या सापाच्या शीत निघाली तर ती सापाची म्हणून गंभीरपणे घ्यायची.

उंदीर जिवंत देतोस का? बहुतेक देत असशील, आपल्याकडे तेच सहज मिळतं. शक्य तेवढं ते बंद कर. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून कोमट करून देता आला तर उत्तम, काही आठवडे फ्रीझरमध्ये राहिल्यावर त्यातले बरेच परजीवी मरतात, आणि जिवंत उंदीर सापाला चावतो ते वेगळंच. पण गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, हे विसरू नकोस, इंग्लंड-अमेरिकेत गोठवलेल्या उंदरांमधून माणसांना साल्मोनेला झाल्याच्या साथी आल्यात. घरातल्या सापळ्यात पकडलेला उंदीर तर कधीच नाही, त्यात परजीवी पण आणि उंदीर मारायचं विष पण.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी एकावर थांबू नकोस. अंडी आणि उसिस्ट रोज पडत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अशी तीन सॅम्पलं झाली की मग थोडा विश्वास ठेवायचा. पॉझिटिव्ह आला तर औषध डॉक्टर वजनावर देतील, आणि औषधानंतर परत तपासणी, नाहीतर गेलं की नाही कळणारच नाही. औषधाबरोबर बॉक्सची सफाई तेवढीच मोठी, लाकडी लपायच्या जागा फेकून दे, प्लास्टिकचा डबा लपायला उलटा ठेव जो उकळत्या पाण्याने धुता येतो, शी दिसली की लगेच उचल. नाहीतर तू आतून जंत मारतोयस आणि ती बाहेरून परत घेतेय. पुढे कधी दुसरा साप आणलास तर तीन महिने वेगळ्या खोलीत, कागदावर, आणि शी तपासूनच.

कागदांचं. आपल्या इथले साप, धामण, नाग, अजगर काहीही पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पण तुझी बॉल पायथन परदेशी. ती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येते आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. केली असशील तर प्रिंट घेऊन जा. नसेल केली तर वनविभागात जाऊन काय करायचं ते विचार आणि मार्गी लाव, पुढे ढकलू नकोस. पण त्या भीतीने आजारी जनावर घरात ठेवून देणं हे मला पटत नाही, तिने तुला निवडलेलं नाही, तू तिला आणलंयस.

आता आई. आज संध्याकाळी सांग. लपवलंस आणि उद्या भाच्याला जुलाब झाले तर मग खरंच साप घराबाहेर जाईल. तिला खरं सांग की सापाच्या जंतांपेक्षा लहान मुलाला जास्त धोका साल्मोनेलाचा असतो, आणि तो सापाकडूनही येतो आणि कासवाकडूनही, दिसायला ठणठणीत असलेल्या प्राण्याकडून सुद्धा. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था तर पाच वर्षांखालच्या मुलांना सरपटणाऱ्या प्राण्यांपासून लांबच ठेवा म्हणते. म्हणून भाचा तुझ्या खोलीत येणार नाही, दाराला वर कडी, पाण्याचं भांडं किचनच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, बाथरूममध्ये धुवून मग ती जागा साफ करायची, आणि जिलेबीला किंवा कासवाला हात लावल्यावर दर वेळी साबण. जंत माणसात येऊ शकतात का, तर क्वचित येतात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंच्या मेंदूतून जिवंत कृमी काढल्याची बातमी जगभर गाजली, ८ सेंटिमीटरचा, तिथल्या कार्पेट पायथनमध्ये राहणारा ओफिडॅस्कॅरिस. माणसात तो सापडल्याची ती पहिलीच नोंद. त्या बाईंनी साप पाळलेला नव्हता, तळ्याकाठची रानभाजी तोडून आणली होती, तिला सापाच्या शीतली अंडी लागलेली असावीत असा डॉक्टरांचा अंदाज. म्हणजे अंडी तोंडात जायला नकोत, एवढंच आपल्याला सांभाळायचंय आणि ते साबणाने आणि दाराच्या कडीने होतं.

तर आजचं काम, कागद टाक, तापमान मोज, वजन घे, कासवाचं सामान वेगळं कर, आईला सांग. उद्या पशुवैद्यकीय कॉलेजला फोन. ताजी शी मिळाली की दोन्ही डब्या घेऊन निघ. रक्त दिसलं, मान टाकली, मध्ये फुगवटा लागला तर शीची वाट बघायची नाही, तिला कापडी पिशवीत घालून, पिशवी हवेची भोकं असलेल्या डब्यात ठेवून, डब्याबाहेरून फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली लावून थेट डॉक्टरकडे. दोन्ही रिपोर्ट आले की मला पाठव, त्यावर नावं काय लिहिलीयत ते आपण बघू.